काळोखात भुजंगप्रयात

४ मार्च, मंगळवार

हरलो! आणि प्रत्येक डावात पहिला मेलो तो मीच.

नातीच्या कामाचा खेळ आहे. ती व्हिडिओ गेम खेळते आणि त्यांची परीक्षणं लिहिते. याचा पगार मिळतो! आमच्या वेळी खेळल्याबद्दल फक्त मार मिळायचा. हा खेळ चौघांनी एकाच टीव्हीसमोर मांडीला मांडी लावून खेळायचा. खेळ बंदुकांचा, पण मिट्ट काळोखातला. पडद्यावर काही म्हणजे काही नाही — आपण स्वतःसुद्धा नाही! ऐकू येतात ती नुसती पावलं. भिंतीला धडकलं की हातातला कंट्रोलर एकदा दचकतो. कुणी अगदी जवळ आलं की हळूहळू धडधडत राहतो. गोळी झाडली की क्षणभर लख्ख उजेड पडतो, आणि त्या उजेडात झाडणाराच सगळ्यांना दिसतो. म्हणजे मारायचं तर आधी आपण उघडं पडायचं. काय सुंदर कल्पना आहे! एक गोळी लागली की संपलं. शेवटी उरेल तो जिंकला. मग दिवे लागतात आणि कोण कुठून कसं भटकलं ते सगळं वरून दाखवतात.

इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसत नाही. मी त्याला 'काळोख्या' म्हणतो.

नात, सूनबाई आणि मी — तिघंच. चौथी जागा यंत्राने भरली. नात म्हणाली, यंत्राबरोबर खेळून लिहिलं तर संपादक उभं करणार नाहीत, चौथं माणूस हवंच.

मी आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं.

५ मार्च, बुधवार

ताईला विचारायचं धाडस आज झालं नाही.

ती येऊन तीन आठवडे झाले. भावजी गेले तेव्हा मीच तिला घेऊन आलो, चार दिवस म्हणून. तिची बॅग अजून खुर्चीवर, भरलेली. सकाळी एक साडी काढते, वाळलेली घडी करून परत आत ठेवते. जेवायला येते, छान झालंय म्हणते, आत जाते. दार बंद. येत्या सोळा तारखेचं परतीचं तिकीट तिने स्वतः काढलंय. तिकडे कुलूप लावलेलं घर, आणि ती एकटी.

'रहा' म्हणायला माझी जीभ वळत नाही. म्हटलं तर ती 'बघू' म्हणेल. आमच्या घराण्यात 'बघू' म्हणजे नाही.

६ मार्च, गुरुवार

ताई खेळली!!

नातीने सरळ दार वाजवलं. आत्याआजी, माझी नोकरी तुमच्या हातात आहे, म्हणाली. (साफ खोटं. पण कार्टी गोड बोलते.) ताई शाल गुंडाळून कोचाच्या कडेला टेकली, आता उठून जाईन अशी. कंट्रोलर तिने गरम वाटीसारखा दोन बोटांत धरला.

डाव सुरू झाला. सूनबाई दातांची डॉक्टर — वाट पाहणं तिच्या स्वभावात नाही. वाटेल तिथे धाड धाड! नातीने तिला टिपलं, मी नातीला टिपलं, आणि विजयोन्मादात भिंतीवर जाऊन आपटलो. तेवढ्यात कोपऱ्यातून एक गोळी आली. मी आडवा.

दिवे लागले तर काय! ताई अख्खा डाव जागची हललीच नव्हती. "मला चालायचं बटण कुठलं तेच माहीत नाही," ती म्हणाली. आणि हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. भावजी गेल्यापासून हे हसणं मी ऐकलं नव्हतं.

८ मार्च, शनिवार

दुपारी पडदे ओढून खेळलो. ताईला चालायचं बटण सापडलंय. आता आमचं काही खरं नाही.

माझा समज होता की काळोख म्हणजे माझं माहेर. अर्धं आयुष्य फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढलं. त्या लाल दिव्याखाली रसायनातल्या कागदावर चेहरे हळूहळू उगवायचे — एखादी कविता पाठ होताना एकेक ओळ उगवते तसे. पण ताई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. तारेच्या पलीकडचा माणूस नुसत्या श्वासावरून ओळखायची. तिला डोळे लागतातच कुठे!

शाळेमागची लाकडाची वखार आठवली. संध्याकाळी तिथे काळोखात लपाछपी चालायची. राज्य कायम ताईवर. मी एका ओंडक्यामागे श्वास धरून बसायचो आणि ती बिचारी भलतीकडेच शोधत राहायची. मी कधी म्हणजे कधी सापडलो नाही! त्या काळोखाला ओल्या भुशाचा वास होता. काळोख्याला वास नाही. परीक्षणात हे लिही, असं नातीला सांगितलं. ती म्हणाली, आजोबा, वास अजून निघायचाय.

९ मार्च, रविवार

सूनबाई मला मारताना म्हणते, "थोडंसं दुखेल हं." पेशंटला सांगते तसंच.

११ मार्च, मंगळवार

आज भांडाफोड झाला.

मी कितीही हळू चाललो तरी ताई मला अचूक टिपते. बाकीच्या दोघी चुकतात, ही चुकत नाही. शेवटी विचारलं, तुला कळतं तरी कसं?

ताई नातीकडे वळून म्हणाली, "हा भुजंगप्रयातात चालतो."

नातीचं तोंड उघडंच राहिलं. मग ताईने टीपॉयवर बोटांनी वाजवून दाखवलं — एक आखूड, दोन लांब, एक आखूड, दोन लांब. लगागा लगागा लगागा लगागा! आमचे मास्तर डस्टर टेबलावर आपटून हेच शिकवायचे, अख्खा वर्ग डुलायचा, खडूचा धुरळा उडायचा. दोन इयत्ता एकाच खोलीत, त्यामुळे तिची कविता ती माझी कविता. तेव्हापासून हे वृत्त माझ्या अंगठ्यात जाऊन बसलंय आणि मला पत्ता नाही! पुढे जाताना एक टिचकी, दोन दाब, एक टिचकी, दोन दाब...

"शाळेतून घरी येताना पण असाच चालायचास," ताई म्हणाली. "मी पुढे असायची. मागे वळून बघायला लागायचं नाही."

नातीने लगेच टिपून घेतलं.

१२ मार्च, बुधवार

वृत्त बदलून पाहिलं. मंदाक्रांता. पहिली चार पावलं जड, मग पाच भराभर. कसं भारदस्त चाललो होतो, मिरवणुकीतला हत्तीच!

"मंदाक्रांता," ताई काळोखात म्हणाली. आणि धाड.

१३ मार्च, गुरुवार

नातीने माझं मत विचारलं, म्हणजे 'न खेळणाऱ्या माणसाचं'. न खेळणारा कुणाला म्हणते! तरी सांगितलं. उणं एवढंच, की सूचनांची अक्षरं मुंगीच्या पायांएवढी आहेत. मेल्यावर नुसतं बसून राहावं लागतं — मेल्यावर निदान टोमणे मारायची तरी सोय हवी. आणि डाव फार लवकर संपतो. बाकी उत्तम. या खेळात कुणाचं वय दिसत नाही. गुडघे दुखत नाहीत. काळोखात चौघंही सारखेच चाचपडतात, आणि शेजारी बसलेल्या माणसाचा श्वास रोखलेला ऐकू येतो. शंभरपैकी ऐंशी गुण. बारीक अक्षरांचे पाच कापले, नाहीतर पंच्याऐंशी.

ताईलाही विचारलं. ती म्हणाली, घरात चार माणसं लागतात या खेळाला, हा त्यातला दोष.

बॅग खुर्चीवरच आहे. आज मुद्दाम डोकावून पाहिलं.

१४ मार्च, शुक्रवार

बोललो एकदाचा! चहा पिताना, कपात बघत. म्हटलं, ताई, उद्या एकच डाव. मी जिंकलो तर तू जायचं नाहीस. इथेच राहायचं. कायमचं.

तिने बशी खाली ठेवली. "आणि मी जिंकले तर?"

"तर परवा मी स्टेशनवर पोचवायला येईन. तोंड वाकडं न करता."

"तुझं तोंड जन्मापासून वाकडं आहे, छोट्या."

पण नाही म्हणाली नाही. 'बघू'ही म्हणाली नाही.

ती आत गेल्यावर भान आलं. काय करून बसलो! आठ दिवसांत तिला एकदाही हरवलं नाही मी. स्वतःच्या हाताने बहिणीला गाडीत बसवलं की!

एकच उपाय आहे. गद्यात चालायला शिकायचं.

१५ मार्च, शनिवार

सकाळभर सराव केला. आयुष्यभर पोटापाण्याचं गद्यच केलं, पण अंगठ्यातून वृत्त सुटेल तर शपथ. शेवटी वर्तमानपत्र उघडलं आणि जगातलं सगळ्यात कोरडं गद्य शोधून काढलं — जाहीर नोटीस! 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, खाली नमूद केलेली मिळकत...' तीच मनात म्हणायची आणि तिच्या चालीवर पावलं टाकायची.

दुपारी डाव. पडदे ओढले. नातीने रेकॉर्डिंग चालू केलं.

सूनबाई नेहमीप्रमाणे पहिली धडाडली आणि पहिली गेली. तिला नातीने मारलं, नातीला ताईने. उरलो आम्ही दोघं. मिट्ट! कोचावर कुणी हलेना. मी मनातल्या मनात तमाम लोकांस कळवत निघालो. हात इतके थरथरत होते की कंट्रोलर सारखा धडधडतोय असं वाटत होतं. ताईची पावलं ऐकूच येईनात. मिळकतीच्या चतुःसीमा संपत आल्या, आणि एकदम —

उजेड! ताईची गोळी! कुठल्या कुठे भिंतीवर! आणि त्या उजेडात ताई, माझ्या अगदी पुढ्यात. मी दाबलं.

जिंकलो!!! दिवे लागून डाव पुन्हा दाखवतात तो बघायला थांबतंय कोण! मी उठून नाचलो. सूनबाईने माझी कंबर धरली, पडाल म्हणून. ताई म्हणाली, "गद्यात चाललास मेल्या. फसवलंस मला." आणि शाल डोळ्यांना लावली. हरल्याचं वाईट वाटलं असणार. लहानपणापासून तिला हरणं जड जातं.

१६ मार्च, रविवार

गाडीची वेळ झाली आणि टळून गेली. ताई चष्मा लावून कपाटात साड्या लावत होती. रिकामी बॅग मी माळ्यावर टाकली. आत, पार मागे!

१७ मार्च, सोमवार

नातीचं परीक्षण छापून आलं. वाचून झाल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि परवाच्या डावाचं रेकॉर्डिंग दाखवलं. दिवे लागल्यानंतरचं, वरून दिसतं ते.

माझं गद्य सात-आठ पावलं टिकलं. पुढे सगळं लगागा लगागा! खोलीभर. आणि माझ्यामागे दोन पावलांवर ताई. मी वळलो की ती वळते, मी थांबलो की थांबते. अख्खी खोली अशीच फिरली. मग वळसा घालून माझ्यासमोर आली. भिंतीकडे तोंड केलं. आणि गोळी झाडली.

म्हणजे वखारीतसुद्धा — !

विचारणार नाही. बाहेरून हाक मारतेय, छोट्या, खेळायचं ना?