लांबून दिसेल अशी

प्रिय वहिनी,

आधी कबूल करून टाकतो, नाहीतर पानं भरतील आणि मुद्द्याचं राहून जाईल. संध्याकाळी आमच्या मागच्या टेकडीवरून दादा सायकलवर उतरताना दिसतो असं जे सगळीकडे चाललंय ना, तो दादा मी आहे. तशीच पिवळी जर्सी, तसंच हेल्मेट आणि सायकल तर त्याचीच. कागद फाडू नकोस. शिव्या घाल, पण वाचून झाल्यावर. आणि वहिनी म्हटलं म्हणून रागावू नकोस. लग्न ठरायच्या आधीपासून तुला चिडवायला म्हणत होतो, आता दादा नाही तरी तोंडात तेच बसलंय. दुसरं काही म्हणून बघितलं, परक्या बाईला हाक मारल्यासारखं वाटलं.

सुरुवात मस्करीनंच झाली, खोटं कशाला बोलू. दादाच्या ग्रुपमधला ढोल्या आठवतो ना तुला, सायकलपेक्षा स्वतःचे फोटो जास्त काढायचा तो? दादा गेल्यावर तोच पुढारी झाला. दर रविवारी सगळ्यांना खदानीच्या वळणावर थांबवायचा, जिथे दादा पडला तिथेच, आणि भाषण ठोकायचा की तो आपल्यातच आहे, मला तो इथे जाणवतो. दादा असताना ह्यानं त्याचा पंप नेला होता तो अजून परत केलेला नाही. म्हटलं, जाणवतो काय, थांब, दाखवतोच तुला. फक्त जर्सी हवी होती. दादाची तर हॉस्पिटलमध्ये कात्रीनं कापून काढली. तुला काय सांगायचं, ती पिशवी तुझ्याच हातात दिली होती.

मग गेलो त्याच दुकानात, जिथे आपण तिघं गेलो होतो. त्या दिवशी दादानं दुकानदाराचा किती जीव खाल्ला होता. जर्सी अंगात घालून सरळ उभं राहायचं आणि आरशात बघायचं, हे त्याला मान्यच नव्हतं. म्हणे सायकलवर कोण असं ताठ उभं असतं? कमरेत वाकून, हँडल धरल्यासारखे हात पुढे करून आरशासमोर उभा राहिला, म्हातारा काठी शोधतोय तसा. वाकल्यावर कंबर उघडी पडते का, बाही मनगटावरून वर पळते का, कोपराचं पॅड आत मावतं का, सगळं बघितलं. सुती जर्सीला तर हात लावला नाही. चढताना घामानं भिजते आणि उतरताना वारं लागलं की पाठीवर ओलं फडकं टाकल्यासारखं होतं म्हणाला. काखेत जाळीचं कापड पाहिजे, पण कापड झुडपात अडकून उसवणारं नको. सैल पाहिजे, पण मागे घोळ नको. मी तोवर कंटाळून हेल्मेट-गॉगल चढवून पुतळ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. दुकानदार माझी बाही नीट करायला आला, तेव्हा त्याला हळूच थँक यू म्हणालो. बिचारा स्टुलावरच बसला. तू इतकी हसलीस की तुला उचकी लागली. दादाला हवी होती काळी, कारण ग्रुपमध्ये सगळे काळ्याच घालतात. पण आईनं निघताना बजावलं होतं, रंग लांबून दिसेल असा आण. शेवटी पिवळी घेतली, आणि तुलाही तीच, लहान मापाची. आता टेकडीवर दोन दोन पिवळे ठिपके, लांबून कोण कुठलं कसं कळणार म्हणून मी तेव्हा तुम्हाला कितीतरी चिडवलं होतं, जाऊ दे.

ह्या वेळी एकटा गेलो. रंग मिळाला. पण माझ्या मापाची घेतली असती तर लांबून काठीला फडकं बांधल्यासारखं दिसलं असतं. दादाचे खांदे कुठे, माझे कुठे. म्हणून दोन मापं मोठी घेतली. दुकानदार म्हणाला, तुला ढगळ होते. म्हटलं, वाढत्या अंगाची घेतोय. तो हसला नाही. मग मी दादासारखा वाकलो, हात पुढे केले आणि मान खाली घालून नुसती नजर आरशाकडे वळवली. वहिनी, आरशात मी नव्हतो. मी चटकन सरळ झालो, दुकानदारानंही दुसरीकडे बघितलं, आणि जर्सी त्यानं घडी न घालताच पिशवीत कोंबली.

मस्करी मात्र अशी जमली की विचारू नकोस. ढोल्याचं भाषण रंगात आलेलं, उजेड उतरत आलेला, आणि मी वरच्या वळणावरून एक शब्द न बोलता सुसाट त्यांच्यामधून खाली. ढोल्या सायकल टाकून पळाला. आईच्या नावानं ओरडत पळाला, एवढा दाढीवाला माणूस. खाली जुन्या पंपहाऊसमध्ये सायकल आणि जर्सी लपवली आणि हसत हसत पायी घरी आलो. म्हटलं, आता आईला काहीतरी बनवून सांगू, तीही जरा हसेल.

घरात शिरलो तर गिझरचा लाल दिवा लागलेला. तुला माहीत आहे, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अख्खी टेकडी दिसते. दादा कामावरून त्याच वाटेनं यायचा. पिवळं दिसलं की आई गिझर लावायची, म्हणजे तो चिखलानं भरून दारात येईपर्यंत पाणी तापलेलं असायचं. तो गेल्यापासून त्या बटणाला कोणी हात लावला नव्हता, आम्ही सगळे सकाळी गार पाण्यानंच उरकत होतो. मी न्हाणीघराकडे वळलो तर आई म्हणाली, "तिथे जाऊ नकोस. ते त्याच्यासाठी आहे. आत्ताच उतरला तो." सहज म्हणाली, जसं पूर्वी म्हणायची. आणि मग स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि जेवली. इतके महिने चिमणीसारखं टिपत होती, ती बाई मांडी घालून पोटभर जेवली. मला गोडाऊनमधलं विचारलं, पार्सलं फेकतोस की नीट ठेवतोस म्हणाली. मी सांगायला तोंड उघडलं होतं गं. खरंच उघडलं होतं. पण ती जेवत होती.

मग काय, झालं सुरू. आठवड्यातून दोनदा-तीनदा गोडाऊनमधून लवकर सटकायचं, साहेबाला दात दुखतो म्हणून सांगायचं. इतके दात दुखले माझे की साहेबानं विचारलं, तुला नक्की दात किती आहेत? आई केस विंचरायला लागली. खिडकीची काच पुसायला लागली. पाणी मात्र तसंच निवून जायचं. झोपायच्या आधी ती बटण बंद करायची आणि म्हणायची, दमला असेल, तसाच झोपला. मी शेजारच्या खोलीत ते ऐकायचो आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचो, जरी मला सगळं माहीत होतं तरी. आणि टेकडीवरही आता मजा वाटेना. दादाच्या सायकलच्या मागच्या चाकाची टिकटिक किती मोठी आहे, आठवतं ना? उतरताना ती माझ्या मागून ऐकू यायची. माझ्याच चाकाची, कळतंय मला. पण मी थांबलो की ती जरा उशिरा थांबायची. मागे वळून मी कधी बघितलं नाही. दादाही उतरताना मागे बघायचा नाही, पण त्याचं कारण वेगळं होतं.

मग बाबांना कळलं. एकदा ते लवकर घरी आले, गिझर चालू बघून विचारलं, आणि आईनं खरं ते सांगितलं. बाबा ओरडले असते तरी परवडलं असतं. ते तिच्याशी एकदम हळू बोलायला लागले, लहान मुलाशी बोलावं तसं. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं डॉक्टरकडे. मी आईची पर्स मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलेला असतो, माणसाला असं दिसतं. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुला दिसतो का कधी तुझा भाऊ? मी म्हटलं, नाही. वहिनी, आयुष्यात मी हजार थापा मारल्या, एकही इतकी जड गेली नव्हती. आईनं माझ्याकडे बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "त्याला कसा दिसेल? तो त्या वेळी घरी नसतो."

ह्या एका वाक्यावर मी किती रात्री कूस बदलल्या असतील. तिला कळलंय का? की नाही? डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, बाबांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला घर बघितलं. तिथल्या स्वयंपाकघराची खिडकी गाड्या लावतात तिथे उघडते. ह्या महिन्याच्या शेवटी जायचं आहे. आई गोळीनं दिवसभर पेंगते, पण संध्याकाळ झाली की खिडकीशी स्वतःला चिमटे काढत बसते. म्हणजे बघ, जे खरंच दिसलं तेच ती सांगते आणि त्यासाठी तिला वेडी ठरवून औषध चाललंय, आणि मी शहाणा, पाण्याचा पेला तिच्या हातात देतो. सांगावं तर तिचा मुलगा तिच्याकडून दुसऱ्यांदा काढून घ्यायचा, तोही मी. नाही सांगावं तर ती अशीच पेंगत राहणार.

परवा मी पडलो. दादाचं ऐकायला हवं होतं. मागे घोळ नको म्हणाला होता ना? सीटवरून उठायला गेलो तर ढगळ जर्सी सीटच्या टोकात अडकली, उठताच येईना, आणि सरळ दगडात. खदानीच्या वळणाच्या अलीकडेच, जिथून आमची खिडकी दिसत नाही. तेवढं नशीब. चाक वाकडं झालं, घोटा भोपळ्याएवढा. लंगडत पंपहाऊस गाठलं, सगळं तिथेच टाकून घरी आलो, जिन्यावरून घसरलो म्हणून सांगितलं. आणि काल दिवसभर कॉटवर पडून एकच ठरवत होतो की आज सांगायचं. आई, तू वेडी नाहीस, तो मी होतो, मला काय मारायचं ते मार. तोंडपाठ केलं होतं. शाळेत कविता पाठ केली नाही एवढं हे केलं. अंधारून आलं तेव्हा स्वयंपाकघरात बटणाचा आवाज आला. म्हटलं, सवयीनं लावला असेल. मग आई आत आली, माझ्या पायापाशी बसली, पायाला हात लावला. हसत होती. "आज फार सावकाश उतरला," म्हणाली. "बारीक झालाय. आणि खदानीच्या वळणावर पाय टेकवला त्यानं. शहाणा झाला बघ."

पाठ केलेलं सगळं पोटात गेलं. म्हणून हे पार्सलच्या पावत्यांच्या मागे लिहितोय, गोडाऊनमधला पोरगा तुझ्या लॅबमध्ये आणून देईल. दादानं त्या वळणावर जन्मात पाय टेकवला नाही. मीही टेकवायचो नाही, कारण मी त्याची नक्कल करत होतो. तिथे पाय टेकवायचीस ती तू. आज सकाळी लंगडत पंपहाऊसला जाऊन आलो. जर्सी जशी टाकली तशीच पडली आहे, चाक तसंच वाकडं आहे. ढोल्याला फोन केला, तो म्हणाला त्या रविवारनंतर ग्रुपमधलं कोणी टेकडीकडे फिरकलंसुद्धा नाही, आणि तू तर दादा गेला तेव्हाच तुझी सायकल विकून टाकलीस. तू आमचे कोणाचेच फोन घेत नाहीस, ते मी समजू शकतो. पण मी आईला "तो मी होतो" म्हणून सांगणार असलो, तर काल कोण होतं हे मला आधी कळायला पाहिजे, नाहीतर मी काय सांगू तिला? तू होतीस ना? कोणाची तरी सायकल मागून आणली असशील, तुझी ती जर्सी कपाटातून काढली असशील, तुलाही माझ्यासारखंच राहवलं नसेल. असेल तर महिना संपेपर्यंत येत जा. मग आपण दोघं मिळून तिला सांगू, एकट्यानं नाही होत माझ्याच्यानं. फक्त "हो" लिहून त्या पोराकडे दे. आणि तू नसलीस, तरी "हो" लिही. तेवढं कर माझ्यासाठी. आणि हे कुणालाही सांगू नकोस, बाबांना नको, ढोल्याला तर मुळीच नको, आणि आई कधी समोर आलीच तर तिलाही नको. पाया पडतो तुझ्या, कुणालाच सांगू नकोस.

तुझाच,
किडा