घोडी काढलेला गाडा

मंगळवार, संध्याकाळ. पिंपळवंडी

डोकं अजून तापलेलंच आहे. बैलगाडा शर्यतीच्या आमच्या पहिल्या मोबाईल गेममध्ये बैलांपुढं घोडी पळायची, आपल्या घाटात, शर्यतीच्या चढावर पळते तशीच. वडलांच्या घोडीची चाल बघून मीच ती रंगवली व्हती. पोरांना तीच लई आवडली. आता दुसरा भाग करताना पुण्याच्या आमच्या मालकानं, समीरनं, आधी घाट सपाट केला, मग कडेला मॉल उभे केले, आणि आज फोनवर म्हणतो, "ती घोडी काढ. गाड्यावर चाबूकवाला हिरो बसव."

मी म्हटलं, "अरे, पण घोडीशिवाय..."

"सांगितलं तेवढं कर. डोकं चालवू नकोस."

वडील ऐकत व्हते. म्हणाले, "घोडीबिगर बैल पळत्यात व्हय?"

गेममध्येही पळत नाय. घोडी जाईल तिकडंच बैल जातील, असंच मी बसवलंय. समीरला हे माहीत असेल का? त्यानं कधी विचारलंच नाय. मी घोडी काढली, हिरो बसवला आणि फाईल पाठवून दिली. तपासून बघायची त्याला सवय नाय. उद्या मोठ्या पाहुण्यांना गेम दाखवताना तो शर्यत सुरू करायचा झेंडा पाडेल. हिरो चाबूक उडवत बसेल आणि बैल जागेवर शेपट्या हलवतील. सांगितलं तेवढंच केलंय मी.

मग त्याचा फोन येईल. तेव्हा मी घोडीला पाणी पाजत असेन.