अर्ध्या मोराची कुंची

जुनी हुबळी
४ फेब्रुवारी १९७४

ती. सौ. अंबक्कास,
कृष्णीचा सा. न. वि. वि.

बाळ जन्मलं त्याच रात्री गेलं, ते तू पाहिलंसच. तू धारवाडला परतल्यापासून मी सगळं नीट करते. दुकानातून हे जेवायला आले की हसून वाढते. सगळे मला धीराची म्हणतात. अक्का, मला रडूच येत नाही.

दुपारी डोळा लागला की बाळाच्या कुंचीवर मी भरायला घेतलेला कसुतीचा मोर गच्चीवर येतो. अर्धाच, तुटक रेघांचा. त्याच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. ती कुंची बाळाचार्य भटजींबरोबर धाडते आहे. कुणालाही देऊन टाक. धागा सुटू नये म्हणून गाठ मारली आहे. रागावू नकोस.

तुझी,
कृष्णी

मळमड्डी, धारवाड
९ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. कृष्णीस,
अ. उ. आ.

कसुतीला गाठ? आईने पाठीत धपाटा घातला असता! कुंची परत पाठवते आहे. गाठ तुझी तूच सोडव. कसुतीचा धागा जाताना जागा सोडत जातो, त्या परतीच्या टाक्यांनी भरायच्या, हे तुला मीच शिकवलं ना? तू जाऊन तिथेच थांबलीस, वेडे.

माझा गोविंद तापात गेला तेव्हा मीही फार धीराची होते. मग एका सकाळी भाकरी थापताना हुंदका फुटला. शेजारच्या हिराबाई धावत आल्या. समजूत घातली नाही, तव्यावरची भाकरी तेवढी उलटली. त्या दिवसापासून मला भूक लागू लागली. तू जयतीर्थरावांसमोर रड. मूल त्यांचंही होतं.

तुझी,
अंबक्का

जुनी हुबळी
२ मार्च १९७४

ती. सौ. अंबक्कास,
सा. न. वि. वि.

सुईच्या टोकाने गाठ सोडवत होते, हे शेजारी येऊन बसले. मी म्हटलं, बाळाला नावसुद्धा मिळालं नाही. हे म्हणाले, मी मनात ठेवलं होतं. आणि त्यांनी ते माझ्या कानात सांगितलं, बारशाला सांगतात तसं. अक्का, आम्ही दोघंही पोटभर रडलो. आमटी करपली.

मोर पुरा झाला. काल दुपारी तो गच्चीवर आला, अख्खा, निळा. माझ्याकडे पाहून कठड्यावरून उडाला. मी हाक मारली, त्याच नावाने.

कुंची आता कुणाला द्यायची नाही. नाव भेटीत सांगेन, तुझ्याही कानातच.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
कृष्णी