मागच्या चाकावरचा लाल ठिपका

आण्णा, आज दुकानात एक नवी सायकल आली. जाड टायरची, सरळ हँडलची, डोंगरात चालवायची म्हणतात तसली. गिअरचा खटका हँडलवरच, अंगठ्याजवळ. दाबला की टक्, चेन बरोबर शेजारच्या चकतीवर. माझ्या सायकलीचा खटका खाली दांडीवर होता. एक हात सोडून वाकायचं, चेनची घरघर ऐकत अंदाजानं सरकवायचा, घरघर थांबली की गिअर बसला. सायकल घेऊन आलेलं पावणं कौतुकानं म्हणालं, "चुकायची सोयच ठेवली न्हाय की हो!" आणि मला तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो.

गिअर तुम्हाला कधी आवडलाच नाही. ती जुनी परदेशी सायकल मी भंगारातून उचलून आणली, तेव्हा शाहूपुरीतल्या भर दुकानात तुम्ही ओरडलात, "कालेज अर्ध्यात सोडलंस, आता पायबी सोडलंस व्हय रं? चढाला पाच-पाच चकत्या लागत्यात ह्याला!" गिऱ्हाइकं हसली. मी हातातला पाना भिरकावला. चढ कुठला ते तुम्हाला ठाऊक होतं. वाघबीळचा. त्याच्या पलीकडं वारणानगर, साखर कारखान्याची कॉलनी, आणि तिथं ती. "आपल्यातली न्हाय ती. पुन्यांदा सांगणार न्हाय," म्हणालात, आणि खरंच पुन्हा सांगितलं नाहीत. तुम्ही दुसरं केलंत.

एकदा चेन मोठ्या चकतीवरून घसरून मागच्या चाकाच्या तारांत गेली, चाक जागच्या जागी अडकलं आणि मी आपटलो. कोपर सोलून घरी आलो. शनिवारी संध्याकाळी बघतो तर तुम्ही माझी सायकल उलटी करून बसलेले. चेनला तेल घालताय. मला वाटलं, बाप नरमला.

रविवारी सकाळी दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर दारात. "बारा वाजता तिला बघाय येणार हाईत. त्याच्या आत येऊन वडलांशी बोल, म्हणलीया." एसटी सुटलेली. मी सायकल काढली. चढाला लागलो, खटका ओढला, आणखी ओढला. चढाला लागणाऱ्या वरच्या दोन मोठ्या चकत्यांवर चेन चढेचना. उतरून बघतो तर चेन कुठवर चढू द्यायची ते ठरवणारा मागचा बारका स्क्रू पार आत आवळलेला, आणि त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका. आपल्या दुकानाचा कायदाच होता तो. तुम्ही जे कायमचं बसवलंत त्याच्यावर लाल ठिपका, आणि ठिपक्याला कुणी हात लावायचा नाही. मिस्त्रीनं नाही, मीही नाही.

सायकल ढकलत गेलो. पोचलो तेव्हा सुपारी फुटली होती. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, माझ्या भिजलेल्या शर्टाकडं बघून हळूच म्हणाली, "चालत आलास व्हय?" एवढंच.

घरी येऊन मी शिव्या घातल्या, तर तुम्ही म्हणालात, "चेन तारांत गेली असती. मेला असतास." पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. आता हेच काम मी करतो, आण्णा. चेन तारांत जाऊ नये म्हणून तो स्क्रू अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, आवळला तरी पुरतो. तुम्ही शेवटपर्यंत आवळला होता. हे मी येईल त्या मिस्त्रीला सांगतो, तुमच्या फोटोसमोर उभं राहून सांगतो.

तुमची रंगाची डबी कधीच वाळली. मी नवी आणली, तीही लालच. आजच्या सायकलीवरही ठिपका दिला. हा कागद त्याच डबीखाली राहील. एक गोष्ट तेवढी कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी स्क्रूड्रायव्हर माझ्या सीटखालच्या पिशवीत होता. चढाच्या पायथ्याशी मी तो काढला, स्क्रूला लावलाही. मग ठिपका दिसला. तुमच्यावर पाना भिरकावणारा मी, मीच स्क्रूड्रायव्हर पुसून परत पिशवीत ठेवला.