चित्र येईपर्यंत

दि. ६ जानेवारी

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. तुला वन्सं म्हटलेलं आवडत नाही, म्हणून मुद्दाम म्हटलं. तुमच्या डोंगरावरच्या हवामान केंद्रात फोन पोचत नाही, तेव्हा भांडायचं तर तुला टपालाच्या गाडीची वाट पाहावी लागेल. तेवढीच मला सवड.

तू पाठवलेले कॉम्प्युटरचे भाग सुखरूप पोचले. जुनी पेटी तेवढी ठेवायची, आतलं सगळं नवं बसवायचं आणि ते यांनीच बसवायचं, हे तुम्हा बहीणभावांचं आधीच ठरलेलं दिसतंय. मला कोण विचारतो? पक्षाघाताच्या झटक्यानंतर यांचा उजवा हात कापतो. चहाचा कपसुद्धा मी अर्धाच भरते. आणि हे म्हणे डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे स्क्रू बसवणार.

पण वन्सं, बसवले गं. खिडकीपाशी टेबल ओढून रोज थोडं थोडं काम चाललं होतं. डाव्या हातानं उजवं मनगट धरायचं, श्वास रोखायचा आणि स्क्रू फिरवायचा. एखादा निसटून खाली पडला की न चिडता पुन्हा उचलायचा. मी स्वयंपाकघरातून डोकावून बघत होते. इतक्या वर्षांत दुकानात यांना चष्म्यांच्या काचा बसवताना कितीदा तरी पाहिलंय, पण असा जीव ओतताना पाहिलं नव्हतं. तोंडावर म्हटलं नाही, उगाच शेफारतील.

सगळं झाल्यावर बटण दाबलं. पंखे फिरले, आत दिवे लागले, आणि पडदा काळा. त्यावर सिग्नल नाही एवढीच पाटी. हे म्हणाले की हात गेला. तेव्हापासून त्या पेटीला शिवलेले नाहीत.

खरी काळजी पुढेच आहे. शेजारचा औषधवाला दुकान मागतोय, तुला ठाऊकच आहे. हे त्याला महिनाअखेर सांगतो म्हणालेत, आणि मला म्हणाले की कॉम्प्युटर चालला तर दुकान उघडीन, नाही तर किल्ली देऊन टाकीन. माझ्या मनातलं सांगू? देऊन टाकलेलं बरं, असं मला वाटतं. तिथेच तर कोसळले होते. त्या खुर्चीकडे बघवत नाही मला. पण किल्ली दिल्यावर हा माणूस घरात बसून काय करील? काय करावं ते तूच सुचव.

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.

तुझी वहिनी

दि. १५ जानेवारी

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि. वन्सं म्हटल्याचा सूड सवडीनं घेईन. आधी कामाचं.

पंखे फिरतात, दिवे लागतात, म्हणजे वीज नीट पोचतेय. चित्र न येण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. रॅमची पट्टी खाचेत पूर्ण बसलेली नसली तरी पडदा काळा राहतो. वीज बंद करून, प्लग काढून, दोन्ही पट्ट्या बाहेर काढायच्या. मग एकच बसवायची आणि कट्‌ असा आवाज येईपर्यंत दाबायची. भीती वाटेल एवढा जोर लागतो, लावायचा. प्रोसेसरजवळ विजेची एक छोटी वायर वेगळी लागते, तीही बघायची. एका वेळी एकच बदल करायचा आणि दर वेळी बटण दाबून पाहायचं. एकदम चार गोष्टी हलवल्या तर नेमकं काय चुकलं होतं ते कधीच कळत नाही.

दादा हात लावत नसेल तर तू लाव. हसू नकोस. सबंध घर हाकतेस, दोन पट्ट्या तुला जड नाहीत. मात्र त्याला विचारून लाव. मी इथून सांगते ते मोघम, नेमक्या जागा त्यालाच ठाऊक.

दुकानाबद्दल मी काय सांगू? खुर्चीकडे तुला बघवत नाही हे मला समजतं. पण तो कोसळला तेव्हा शेजाऱ्यांना हाका मारून, धावाधाव करून, त्याला वेळेवर दवाखान्यात पोचवलंस ते तूच. माझ्या डोळ्यांसमोर त्या जागेचं तेच चित्र आहे. इथे आम्ही वादळांचे अंदाज वर्तवतो, पण तुझ्याइतकं खंबीर माणूस आमच्या केंद्रात एकही नाही. हे मी तोंडावर म्हणते, शेफारलीस तर शेफार.

दादाला नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी एकुलती एक नणंद

दि. २४ जानेवारी

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. शेफारले आहे. पत्र फ्रेम करून लावणार होते, पण यांनी वाचलं असतं.

तू सांगितलंस ते सगळं केलं. मी जमिनीवर पेटीपुढे बसकण मारली, हे शेजारी खुर्चीवर. वाकायला डॉक्टरांची आणि माझी अशी दुहेरी मनाई आहे, म्हणून हे हातात लांब पेन्सिल घेऊन दाखवत होते. पहिल्या दिवशी मी एवढी घाबरले की पट्टीला हात लावायच्या आधी तीनदा विचारलं. हे चिडतील असं वाटलं होतं, पण नाही. दर वेळी शांतपणे सांगत होते की अंगठे दोन्ही टोकांना ठेव, हळू नको, एकदम दाब. कट्‌ झालं आणि मला घामच फुटला. तेव्हा हे हसले. किती दिवसांनी हसले म्हणून सांगू.

आता रोज जेवणं उरकली की आमची शाळा भरते. एक पट्टी, मग दुसरी, मग खाच बदलून. छोटी वायर काढली, पुन्हा लावली. मला आता प्रत्येक भागाचं नाव येतं. काल औषधवाला आला, तर त्याला मी ग्राफिक्स कार्डाचं काम समजावून सांगितलं. बिचारा दुकानाचं विचारायला आला होता, चहा पिऊन मुकाट्यानं गेला.

पण चित्र काही येत नाही. कीबोर्डवरचं मोठ्या अक्षरांचं बटण दाबलं की त्याचा दिवा लागतो, पुन्हा दाबलं की विझतो, तेवढीच करमणूक. पडद्याची केबल सैल असेल म्हणशील तर तसंही नाही. टेबलाखालच्या सगळ्या केबली पहिल्या दिवसापासून मीच लावतेय. मागच्या बाजूला पडद्याच्या केबलीच्या एकसारख्या दोन जागा आहेत. वरच्या जागेवर काळं झाकण होतं. नव्या वस्तूवर झाकण असतं ते काढूनच ती वापरायची, म्हणून झाकण काढून तिथे घट्ट बसवली. खालची उघडीच होती, म्हटलं तिच्यात धूळ गेली असेल.

महिना संपत आला. हे दुकानाचं काही बोलत नाहीत, आणि मीही विचारत नाही. पण खरं सांगते, पट्टी दाबायला सांगताना यांचा आवाज पूर्वीसारखा येतो, आणि मला किल्ली द्यावीशी वाटेनाशी झाली आहे. चित्र आलं नाही तर हे देतील. हट्टी आहेत. काहीतरी शोधून काढ.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,

वहिनी

दि. २८ जानेवारी

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि. गाडी उभी आहे, म्हणून घाईत.

कीबोर्डचा दिवा बटणासरशी लागतो आणि विझतो ना, मग कॉम्प्युटर पहिल्यापासून चालू आहे. आतलं सगळं शाबूत आहे. दादानं बसवलेला एकही स्क्रू, एकही वायर चुकलेली नाही. कापत्या हातानं केलेलं ते काम माझ्या ओळखीच्या निम्म्या जाणकारांना स्थिर हातानं जमलं नसतं.

चित्र बाहेर येतं ते ग्राफिक्स कार्डातून, म्हणजे खालच्या उघड्या जागेतून. वरची जागा या जोडणीत बंद असते. तिथे चुकून कुणी केबल लावू नये म्हणून ते झाकण मीच बसवून पाठवलं होतं, आणि सांगायला विसरले. तू नेमकं तेच काढलंस. वहिनी, मी इथे एकटी बसून पोट धरून हसले.

केबल खाली लाव. आणि त्याच्या हातानं काही चुकलं नव्हतं, हे तू स्वतः सांग. माझ्या सांगण्यापेक्षा तुझ्या सांगण्याला वजन आहे.

लोभ आणि पेढे, दोन्ही पाठव.

तुझी नणंद

दि. ५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. आजारानंतर स्वतःच्या हातानं लिहिलेलं हे पहिलंच पत्र. अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घे. वहिनी बाजारात गेली आहे, तोवर उरकायचं आहे.

तुझं पत्र आलं तशी ती टेबलाखाली शिरली. केबल बदलली, मी बटण दाबलं आणि चित्र आलं. ती तशीच जमिनीवर बसून रडायला लागली आणि म्हणाली की तुमच्या हातानं काहीच चुकलं नव्हतं, चूक माझी होती. मी तिची समजूत घातली. आता तुला सांगतो ते तुझ्यापाशीच ठेव.

मला ते आधीच कळलं होतं. आमची शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात ती दुपारी बाहेर गेली होती. मी मनाई मोडून खाली बसलो आणि मागच्या बाजूनं बोटं फिरवली. केबल वरच्या जागेत लागली आहे हे कळताच ती काढून खाली लावली. पडदा उजळला. मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. हात गेला नव्हता.

मग मी केबल पुन्हा वर लावली.

तू रागावशील, पण ऐक. मी घरी आल्यापासून तिचं एकच चाललं होतं. बसा, राहू द्या, मी करते. मायेनंच म्हणायची, पण दर वेळी मी थोडा आणखी निकामी व्हायचो. शाळेच्या पहिल्या दिवशी रॅमची पट्टी हातात धरून तिनं मला विचारलं की आता काय करू. कितीतरी महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. चित्र आलं असतं तर ते विचारणं त्याच दिवशी संपलं असतं. माझ्या हाताचं मला त्या दुपारी कळलं होतं, पण तिला कळल्याशिवाय दुकान उघडून उपयोग नव्हता. दारात उभी राहून ती रोज माझ्या हाताकडेच बघत राहिली असती.

महिनाअखेरीला मी घाबरलो होतो, हेही खरं. तुझं पत्र आलं नसतं तर मीच काहीतरी निमित्त काढून केबल हलवली असती. किल्ली मात्र दिली नसती.

पण ते मला करावंच लागलं नाही. चित्र आलं त्याच संध्याकाळी तिनं डोळे पुसले, चपला घातल्या आणि मला न विचारता औषधवाल्याकडे जाऊन आली. दुकान द्यायचं नाही म्हणून सांगितलं. परत येऊन मला म्हणाली की सकाळी लवकर उठायचं आहे.

सोमवारपासून दुकान उघडलं. हात अजून कापतो, काच बसवायला वेळ लागतो. ती शेजारच्या स्टुलावर बसते आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारते. काल एका फ्रेमचा स्क्रू माझ्या हातून दोनदा निसटला. तिनं दोन्हीदा उचलून माझ्या हातात दिला आणि पुन्हा गप्पा मारायला लागली.

आपली माया अशीच राहो. पावलं वाजतायत, थांबतो.

तुझा,

दादा