पापांची रायफल आणि माझा खांदा

१४ नोव्हेंबर
भंडाऱ्याच्या पोलीस ऑफिसातून पत्र आलं. पापांच्या रायफलीचं लायसन्स चालू ठेवायचं असेल तर ३१ जानेवारीच्या आत ती दुरुस्त करा आणि रेंजवर आणून स्वतः चालवून दाखवा. नाहीतर जमा करा. 'स्वतः'खाली रेघ मारलेली आहे. रेघ मारणाऱ्याला मी कोणाची मुलगी ते माहीत नसावं.
जमा करण्याचा प्रश्नच नाही. कोशाच्या रेशमाचं दुकान गेलं, माग गेले, जीप गेली. पापांचं म्हणून आता माझ्याकडे एवढंच उरलंय.

१५ नोव्हेंबर, सकाळी
रायफल पेटीतून काढली. म्हणजे मी आणि कामाच्या सुमनबाईनं मिळून काढली. पॉइंट फोर-फाइव्ह-एट, साडेपाच किलो. १९७१ साली पापांनी गव्याच्या शिकारीसाठी कलकत्त्याच्या कारागिराकडून खास बनवून घेतली होती. पुढच्याच वर्षी शिकारीवर बंदी आली. त्यामुळे पापा केवढे मोठे शिकारी होते हे जगाला कळायचं राहून गेलं. मला माहीत आहे.
लोखंड उत्तम. दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, तेवढा उदईनं खाल्लाय. किरकोळ काम. आठवडा पुरे.

२२ नोव्हेंबर
नागपूरला भय्याजींकडे जाऊन आले. बंदुकांचं दुकान आणि मिशा, दोन्ही पापांच्या काळापासूनच्या. रायफल त्यांनी ठेवून घेतली, जुना दस्ता तेवढा काढून दिला. ती सुताराच्या घरी नेता येत नाही, लाकूड तेवढं करवून आणा म्हणाले. आणि दस्ता अंगाच्या मापाचाच हवा, बहनजी. कोपर वाकवायचं, कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पेरापर्यंत मोजायचं. माप चुकलं तर धक्का खांद्याऐवजी भलतीकडेच बसतो.
त्यांच्या कारागिराला चार महिने लागतील. माझ्याकडे दोन आहेत. मी म्हटलं, आमच्या आंधळगावात कारागिरांची कमी नाही. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. आदर असावा.

२४ नोव्हेंबर
मोतीलाल मिस्त्री आले. झाडीपट्टीच्या नाटकांना लाकडी बंदुका तेच पुरवतात. त्यांच्या बंदुकांनी आजवर शेकडो डाकू मेले असतील. अनुभवी माणूस.
त्यांनी खिशातून टेप काढला आणि म्हणाले, हात करा समोर. मला ते बरं वाटलं नाही. आपण ब्लाउजसुद्धा जुना ब्लाउज नमुन्याला देऊन शिवून घेतो, शिंप्यापुढे हात पसरून उभ्या राहत नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टांनी अकरा वर्षं जे शिकवलं ते एका टेपसाठी सोडायचं? पापांचा जुना दस्ता नमुन्याला दिला. मिस्त्री खूश. म्हणाले, नमुना असला का मंग माणसाचं कामच नाई.

१ डिसेंबर
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. खांद्याचा व्यायाम. दूध.

२ डिसेंबर
दूध झालं.

८ डिसेंबर
व्यायाम ही पुस्तकी गोष्ट आहे. खरी गरज धक्क्याच्या सवयीची. सुमनबाईला नीट समजावलं: अर्धं पोतं धान उचलायचं आणि धावत येऊन माझ्या उजव्या खांद्यावर मारायचं. ती म्हणाली, काहून? मी म्हटलं, सराव. ती म्हणाली, मंग उद्या मलेच बोल लावान. मी शपथ घेतली तेव्हा कुठे तयार झाली. पहिला धक्का अगदीच प्रेमाचा होता. तसं तिला सांगितलं. ही चूक झाली.

११ डिसेंबर
चौदा वर्षांत प्रथमच सुमनबाई वेळेआधी आली. दहा धक्के. चौथ्याला म्हणाली, हा त्या फुटलेल्या कपबशीचा, मी नोती फोडली ते. सातव्याला म्हणाली, हा दिवाळीत सुट्टी नाई देल्ली त्याचा. सराव चांगला चाललाय. ब्लाउज घालता येत नाही.

२० डिसेंबर
दस्ता तयार. शिसवीचा, आरशासारखा. एका बाजूला मिस्त्रींनी न सांगता मोर कोरलाय.
जरा लांब वाटतो. विचारलं तर म्हणाले, मागचं टोक उदईनं खाल्लं होतं मॅडम, मले काय मालूम केवढं होतं. म्हणून दोन बोटं जास्तीच ठेवलं. पोरीच्या झग्याले शिंपी दाब नाई ठेवत का, वाढत्या अंगाचा? तसं.
मी चौसष्ट वर्षांची आहे.

२३ डिसेंबर
नागपूर. भय्याजींनी दस्ता बसवला, मोराकडे बराच वेळ पाहिलं, रायफल माझ्या हातात दिली. बोट घोड्यापर्यंत पोचत नाही. नख पोचतं. भय्याजींनी विचारलं, हे माप कोणाचं? मी म्हटलं, पापांचं. पापा सहा फूट दोन इंच. मी पाच फूट एक.
म्हणाले, काही बिघडलं नाही, मागून तीन इंच कापून टाकतो, दहा मिनिटांचं काम आहे. करवत काढलीसुद्धा. मी हात धरला. पापांच्या मापाची एवढी एकच गोष्ट जगात आहे, आणि ती मीच नकळत करवून घेतली. ती कशी कापायची?
मान पुढे काढून, श्वास सोडून, डावा पाय उचलला तर जवळजवळ बसते. भय्याजी म्हणाले, बहनजी, जवळजवळ नाही चालत ह्यात. जुनी माणसं फार घाबरवतात.

४ जानेवारी
हात लांब होण्यासाठी दाराच्या चौकटीला लोंबकळणे, सकाळ-संध्याकाळ. सुमनबाई खालून पाय ओढते.

१० जानेवारी
हात मोजला. होता तेवढाच आहे. टेप ढिला असणार.

१६ जानेवारी
डॉक्टरांकडे जावं लागलं. त्यांनी खांदा पाहिला, मग सुमनबाईला बाहेर बसवून मला हळू आवाजात विचारलं, घरात कोणी मारतं का? मी म्हटलं, मीच मारून घेते. त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. पंधरा दिवस धक्का वर्ज्य म्हणे. माझ्याकडे पंधराच आहेत.

२१ जानेवारी
पुण्याला अंकुरला फोन केला. भावाचा मुलगा, म्हणजे वारस तोच. लायसन्स तुझ्या नावावर करून घेतोस का म्हटलं. तो म्हणाला, आत्या, फ्लॅटमध्ये कपडे वाळत घालायला जागा नाहीये. मग म्हणाला, दे ना जमा करून, कशाला त्रास.
ह्याला पापांनी खांद्यावर बसवून पवनीची जत्रा दाखवली होती.

२६ जानेवारी
मदर मेरीला मेणबत्ती, गणपतीला एकवीस दूर्वा. दोघांनाही एकच मागितलं: एक गोळी समोरच्या दिशेनं जाऊ दे. नेम मागितलेला नाही. माझ्या मागण्या आता अगदी लहान झाल्या आहेत.

३० जानेवारी, दुपारी, सुमनबाईच्या हातून
(मी सांगते तसं ती लिहिते. तिचं अक्षर सुवाच्य आहे, मला ठाऊक नव्हतं.)
भय्याजी रायफल घेऊन रेंजवर हजर होते. इन्स्पेक्टर करुणा मॅडम, तरुण, शांत. मला मुलगी असती तर ह्या वयाची असती. म्हणाल्या, घाई करू नका. मला मागून आधार द्यायला सुमनबाईला परवानगी दिली. मान काढली, श्वास सोडला, पाय उचलला.
आवाज झाला तो मला ऐकू आला नाही. गोळी कोणाला सापडली नाही. मी सुमनबाईच्या अंगावर सापडले, रायफल आम्हा दोघींच्या अंगावर. गळ्याजवळचं हाड मोडलंय.
मी पण पडली, ते लिवू का म्हणलं तर आमच्या मॅडम म्हणतेत गरज नाई. मी लिवून राहिली. मी पण पडली.

३१ जानेवारी
डाव्या हातानं लिहितेय. थोडक्यात लिहिते.
काल एक सांगितलं नाही, कारण सुमनबाई लिहीत होती. करुणा मॅडम दवाखान्यात आल्या होत्या. म्हणाल्या, रायफल ठीक आहे, आजी. तुम्ही हात बरा करून या, मी तीन महिन्यांची मुदत मिळवून देते. दस्ता कापून घ्या, जमेल तुम्हाला. खरंच मनापासून म्हणाल्या.
मी नको म्हटलं. लगेच म्हटलं. विचार करायला सुद्धा थांबले नाही.
आज ऑफिसात जाऊन जमा केली. सही जमेना, तेव्हा बाबूनं शाईचा पॅड पुढे केला. एम.ए. इंग्लिश, अंगठा दिला. त्यांनी रायफलीला सुतळीनं चिठ्ठी बांधली, चिठ्ठीवर नंबर. पापांचं नाव लिहाल का विचारलं. तो म्हणाला, नंबर पुरतो, मॅडम.
घरी आले. पापांच्या फोटोसमोर उभं राहून सांगितलं, पोलिसांनी नेली.
मी दिली, असं नाही सांगितलं.