भिंगरी, उंची एकशे अकरा

३ एप्रिल, सकाळ
शिवणाची जुनी मापवही सापडली. मागची बरीच पानं कोरी. टाकवत नाही म्हणून आजपासून यात रोजनिशी. चौथी पास आहे, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण वाचायचं मलाच आहे. पानावर छाती, कंबर, उंची असे रकाने छापलेत, त्यांच्यावरूनच लिहिते.

बातमी अशी की मुलगा म्हणाला, सुट्टीत सगळ्यांनी थीम पार्कला जायचं. तीन दिवस. नातवंडं नाचायला लागली. थोरली भिंगरी, पाच संपून सहावं लागलंय, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. धाकटा तीन वर्षांचा गोळा. तो गोळाच आहे. मीसुद्धा नाचले असते, गुडघा नको म्हणाला.

ठरवलं: एक, ट्रिपची सगळी व्यवस्था मी बघणार. दोन, रागवायचं नाही. डॉक्टरने बीपीच्या गोळीबरोबर हेच सांगितलंय.

३ एप्रिल, दुपार
रागावले. पण कारण होतं. सूनबाईने लॅपटॉपवर ट्रिपचा तक्ता केलाय, रंगीत चौकोनांचा. कोणी काय करायचं ते त्यात. मुलाकडे गाडी. तिच्याकडे तिकिटं, हॉटेल, औषधं. माझ्या चौकोनात काय, तर "आराम". चौतीस वर्षं मशीन चालवलं, तीन शाळांचे युनिफॉर्म एकटीने शिवले, आणि मला आराम! मुलगा म्हणतो, अगं आई, प्रेमाने लिहिलंय तिने. प्रेमाने लिहायचं तर काम लिहावं.

राग उद्यापासून बंद.

८ एप्रिल
पार्कचं पुस्तक आलं. भिंगरीने पान तीनवर बोट ठेवलं ते उचललंच नाही. ड्रॅगन ट्रेन. हिरवा ड्रॅगन, पोटात माणसं बसलेली, वर जाऊन खाली येतो, तोंडातून धूर. आजी, मी यात बसणार. म्हटलं, बसणार म्हणजे बसणार, आजीने सांगितलं ना.

सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, आई, प्रॉमिस नका करू, खाली वाचा, एकशे दहा सेंटिमीटर उंची लागते, ती तेवढी नाहीये. बघा! जन्म दिला म्हणून काय मापही कळतं? पोर एवढीशी झाली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कपाट जोरात लावलं फक्त.

११ एप्रिल, सकाळी १०
भिंगरीला दाराच्या चौकटीला उभी केली. माझी टेप काढली, पिवळी, पितळी टोकाची. निम्म्या गावाची पोरं या टेपखालून गेलीत. पायाशी टोक, डोक्यावर पुस्तक. इंचात घेतलं, सवयीप्रमाणे वहीत उतरवलं, मग वहीतल्या इंचांवर बोट धरून टेप उलटी केली, सेंटिमीटर पाहिले. एकशे अकरा! वर एक शिल्लक!

भिंगरीने घरभर ओरडत तीन फेऱ्या मारल्या. मीही ओरडले. सूनबाई म्हणाली, परत एकदा मोजूया का? म्हटलं, मोज की, पण आधी माझं मशीन विकून ये. तिने लॅपटॉप उघडला. ड्रॅगनसाठी पोराची उंची भरून आधी वेळ घ्यावी लागते म्हणे. ट्रिपच्या दुसऱ्या दिवशीची सकाळची वेळ मिळाली. त्यासाठी तिने छोट्या होड्या आणि बोलणाऱ्या झाडाचा चौकोन पुसला, दोन्ही सकाळीच असतात. म्हटलं, पुस. होड्या काय, बादलीतही तरंगतात.

१३ एप्रिल
विहीणबाईही येणार! सूनबाईची आई. कोणी विचारलं मला? मुलगा म्हणतो, आई, परवा जेवताना सांगितलं की, तू हो म्हणालीस. जेवताना मी कशालाही हो म्हणते, तोंडात घास असतो.

विहीणबाई योगा करतात. पांढरे बूट घालतात. फोनवर म्हणाल्या, ताई, मी तर सगळ्या राइड घेणार हं, तुम्ही बॅगा सांभाळा. हसून म्हणाल्या. हसून बोललेलं जास्त लागतं.

ठरवलं: उद्यापासून रोज बागेला पाच फेऱ्या. विहिणीच्या पुढे चालायचं, मागे नाही.

१४ एप्रिल
दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला बाकावर पूर्वीची एक गिऱ्हाईक भेटली. बोलणं अर्धवट टाकून उठणं बरं दिसत नाही.

१५ एप्रिल
आभाळ भरून आलेलं. गेले नाही. पडलं काहीच नाही. आभाळाचाही राग आला.

१६ एप्रिल
एक फेरी. पण भरभर.

२० एप्रिल
माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना: सगळ्यांना एकाच कापडाचे शर्ट. भडक पिवळे. गर्दीत कोणी हरवायला नको. सूनबाईच्या तक्त्यात हरवण्याचा चौकोनच नाही.

आज मापं घेतली. गोळ्याने टेप खाल्ली, धुतली. सूनबाई म्हणते, मुलांचे शर्ट जरा बेताचे शिवा हं आई, फोटो चांगले येतील. आता हिला कोण सांगणार? पोरांचं माप कधी आहे तेवढं लिहायचं नसतं. पोरं वाढतात. मी उभ्या आयुष्यात पोराचं माप वहीत उतरवताना दोन इंच वाढीव धरूनच उतरवलंय, छाती असो, उंची असो. मागाहून धरू म्हटलं की विसरायला होतं. म्हणून टेपवरून नजर वहीवर येते तोवर दोन इंच आपोआप चढलेले असतात. मुलगा दहावीपर्यंत पँट खालून दुमडून गेला शाळेत. बिघडलं काही? इंजिनिअर झाला.

विहिणीचं माप घेतलं नाही. लग्नात पाहिलेल्या अंदाजाने शिवते. आठ वर्षांत माणूस सुटतं. घट्ट झाला तर माझा काय दोष?

२६ एप्रिल
शाळेतून भिंगरीचं तपासणीचं कार्ड आलं. वजन, दात, डोळे. उंची एकशे सहा. सूनबाईने काही न बोलता टेबलावर माझ्या चहापाशी आणून ठेवलं. न बोलता! बोलली असती तर बरं.

शाळेतल्या नर्सबाई साठ पोरं एका तासात उरकतात. पोर वाकून उभी असेल. दप्तर पाठीवर असेल, दप्तराने माणूस दबतं. हे सगळं मी एका दमात सांगितलं. सूनबाई म्हणाली, पाच सेंटिमीटर दबतं? म्हटलं, आजकालची दप्तरं बघ!

मुलगा म्हणाला, आई, एकदा मी मोजू? त्याच्याकडे असं पाहिलं की तो गाडी पुसायला गेला. गाडी कालच धुतली होती.

रागाचा नियम आज लागू नाही. हा राग नव्हे, इभ्रतीचा प्रश्न आहे.

२९ एप्रिल
भिंगरीने वर्गात सगळ्यांना सांगितलंय. ड्रॅगनचं चित्र काढून उशाशी चिकटवलंय. सोफ्याच्या हातावर बसून सराव चालतो. कमरेला माझी कापडी पट्टी, बेल्ट म्हणून. मी खालून हलवते. नियम तिचेच: डोळे मिटायचे नाहीत, किंचाळायचं नाही, आजीकडे हात करायचा. आज सव्वीस वेळा हात केला. माझा हात दुखला पण मी सत्तावीस वेळा केला.

अशी पोर कुठे मिळणार? देवाने माझ्या मापाची शिवलीय.

२ मे
शर्ट झाले. भिंगरीच्या बाह्या बोटांच्या खाली. गोळा शर्टात सापडत नाही. पुढच्या वर्षीही येतील.

सूनबाई शेवटचं विचारायला आली. आई, खरंच एकशे अकरा ना? अजून होड्यांचा चौकोन परत घालता येईल. तिथे गेल्यावर नाही म्हणाले तर ती फार रडेल हो. आवाज मऊ होता. तोच आवाज मला सहन होत नाही.

वही काढून तिच्यासमोर उघडली. बघ, भिंगरी, उंची, माझ्या हाताने लिहिलंय. खोटं निघालं तर यापुढे या घरात मी टेपला हात लावणार नाही.

ती म्हणाली, बरं. आणि होड्या पुसलेल्याच ठेवल्या. जिंकले.

८ मे, हॉटेल
पोचलो. विहीणबाईंना शर्ट दिला. अंगावर बसला. जणू दुकानात उभं राहून माप दिलंय! आरशात पाहून म्हणाल्या, ताई, तुमच्या हाताला तोड नाही. आठ वर्षांत या बाईची कंबर इंचभर हलली नाही. किती राग यावा माणसाला?

९ मे, सकाळ, रांगेत उभी राहून लिहितेय
गेटवर माझी पर्स उलटी केली. कात्री काढली. म्हटलं, अहो, ही माझ्या पर्समध्ये तीस वर्षं आहे. पहारेकरीण म्हणाली, मावशी, आत कात्री चालत नाही, जाताना घेऊन जा. टोकन दिलं, क्रमांक चौदा. चारचौघांत! विहीणबाई दुसरीकडे बघत होत्या, म्हणजे मुद्दाम.

ड्रॅगनची रांग. वेळ घेतलेल्यांचीही रांग आहे. एक तास झाला. मुलगा गोळ्याला घेऊन सावलीत. भिंगरी मी आणते म्हणालेय, हे माझं काम. बाह्या चार वेळा दुमडल्या तिच्या. समोर लाकडी ड्रॅगन उभा आहे, पंजा पुढे केलेला, त्यावर ११०. पंजाला डोकं लागलं की आत. आजी, मी डोळे मिटणार नाही हं. म्हटलं, मिटू नको.

९ मे, दुपार, बाक
लागलं नाही.

डोक्याच्या आणि पंजाच्या मधे दोन बोटं जागा. पोर टाचा उंच करायला लागली तर तो गणवेशवाला म्हणाला, बेटा, टाचा खाली. मी म्हटलं, तुमचा ड्रॅगन खोटा आहे! पंजा वाळून वर गेलाय, लाकूड आहे ते! तो म्हणाला, आजी, रोज सकाळी तपासतो. मी म्हटलं, मी तुमच्या आधीपासून मोजतेय! वही काढली, पान काढलं, त्याच्या नाकासमोर धरलं. मागची रांग ओरडायला लागली. म्हटलं, ओरडा! हिची उंची एकशे अकरा आहे!

मुलगा धावत आला. वही हातात घेतली. मग हळूच म्हणाला, आई, वाढीव धरलंस का गं?

म्हटलं, कसलं वाढीव?

भिंगरीची बाही पुन्हा खाली आली होती, तो ती दुमडत बसला.

तेव्हा कळलं. रांगेत, सगळ्यांसमोर. दोन इंच म्हणजे पाच सेंटिमीटर. शाळेच्या नर्सबाईंचं बरोबर.

भिंगरी रडली नाही. रडली असती तर मी ओरडले असते कोणावर तरी. ती म्हणाली, आजी, मग होड्यांवर जाऊया. सूनबाई म्हणाली, होड्या सकाळीच असतात राणी, संपल्या, आणि उद्या सकाळी निघायचंय. माझ्याकडे पाहिलंही नाही. बोल ना बाई काहीतरी! बोल!

भिंगरीची वेळ वाया जाऊ नये म्हणून तिच्या जागी विहीणबाई गेल्या. आत्ता वर आहेत. पिवळा शर्ट लांबून दिसतो. हरवायच्या नाहीत. हात हलवतायत. भिंगरी माझ्या शेजारी बसून त्यांना हात करतेय. मला पण कर म्हणते. केला.

कोणाचा राग करू? गणवेशवाल्याचा करून झाला. ड्रॅगनचा झाला. विहिणीचा करवत नाही, आत्ताच उतरून आल्या आणि म्हणाल्या, ताई, पोरीच्या जागेवर बसले, मजा नाही आली. खोटं बोलल्या माझ्यासाठी.

१२ मे, घरी
कात्री गेटवरच राहिली. टोकन पर्समध्ये, चौदा.

सकाळी भिंगरी पिवळा शर्ट घेऊन आली. आजी, हा कधी बरोबर होणार? म्हटलं, पुढच्या वर्षी. आणि ड्रॅगन? म्हटलं, तोही. मग तेव्हाच घालीन, म्हणाली. घडी घालून स्वतःच्या कप्प्यात तळाला ठेवला.

नंतर म्हणाली, आजी, आज मोज ना, आता किती आहे? शब्द दिला होता, टेपला हात लावला नाही. सूनबाईला हाक मारली. ती आली, कणकेचे हात धुऊन. तिनेच चौकटीला पोर उभी केली, टोक पायाशी धरलं, आकडा वाचला, दोनदा. मग म्हणाली, आई, वहीत तुम्हीच लिहा, अक्षर तुमचं ओळखीचं आहे तिच्या.

भिंगरी. उंची. एकशे सहा.

पेन सवयीने थोडं पुढे गेलं होतं. मागे घेतलं.